लॅपटॉपवर उसाचा रस सांडलाय, आत्ता काय करू? (सांगली)

विश्रामबागकर · मंगळवार, रात्री ९:१२

मंडळी अर्जंट आहे. वहिनींच्या लॅपटॉपवर उसाचा रस सांडलाय, अर्धा ग्लास तरी असेल, कीबोर्डच्या उजव्या बाजूला, एंटर आणि बॅकस्पेसच्या आसपास. पाहुण्यांची पोरं घरात धुडगूस घालत होती त्यात झालं, ते जाऊ दे. मशीन चालू होतं, चार्जर पण लावलेला. स्क्रीन एकदा झबकली, मग मी पॉवर बटण दाबून धरून बंद केलं आणि चार्जर ओढून काढला. बॅटरी आतली आहे, बाहेरून निघत नाही. अडीच वर्ष जुना, विंडोज ११.

वहिनी मार्केट यार्डातल्या हळदीच्या आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांचे हिशेब बघतात, सगळ्यांचा टॅली डेटा यात आणि जीएसटी रिटर्नची एप्रिलची २० तारीख तोंडावर. बॅकअप पेनड्राइव्हवर आहे पण मार्चएंडच्या आधीचा.

घरात आत्ता तीन पार्ट्या पडल्यात. आई म्हणते तांदळाच्या डब्यात घाल, दादा म्हणतो हेअर ड्रायर मार, आणि मला वाटतंय एकदा चालू करून निदान डेटा तरी कॉपी करून घ्यावा. सांगा लवकर.

भडंगप्रेमी · रात्री ९:१५

चालू करू नका!!! बाकी कायपण करा पण चालू करू नका.

अण्णा_कुपवाड · रात्री ९:१८

तांदूळ बेस्ट. माझा मोबाईल बाथरूमात पडलेला, दोन दिवस तांदळात ठेवला, अजून चालतोय. लॅपटॉप मोठा आहे तर तांदूळ जास्त लागेल एवढंच.

सोल्डरगन · रात्री ९:३१

मिरजेत लॅपटॉपचे मदरबोर्ड रिपेअर करायचं काम करतो, म्हणून सांगतो, जरा नीट वाचा आणि घाई करू नका.

पहिली गोष्ट, तुम्ही बटण दाबून बंद केलं आणि चार्जर काढला ते एकदम बरोबर केलंत, निम्मी लढाई तिथंच होते. पण मशीन बंद झालं म्हणजे आतला करंट बंद झाला असं नाही ओ. बॅटरी जोडलेली आहे तोवर बोर्डावर ३.३ आणि ५ व्होल्टच्या स्टँडबाय लाइन जिवंतच असतात, पॉवर बटण दाबलेलं कळायला ते लागतं. म्हणजे तुम्ही हे टाइप करताय तेव्हा पण आत रस आहे आणि करंट पण आहे. बोर्ड नुसत्या पाण्याने मरत नाही, पाणी अधिक करंट याने मरतो. दोन शेजारच्या पिनांच्या मधे ओल आली आणि त्यांच्यात व्होल्टेजचा फरक असला की तांबं एका पिनेवरून विरघळून दुसरीकडं जायला लागतं. ते हिरवं-पांढरं जे चढतं त्याला आम्ही लोकं कार्बन म्हणतो, खरं तो कार्बन नसतोच, गंज असतो, पण दुकानात सगळीकडं तोच शब्द.

त्यामुळं आत्ता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागचं कव्हर खोलून बॅटरीचा कनेक्टर काढणं. बारका स्टार किंवा प्लस स्क्रू ड्रायव्हर आहे का घरात? मॉडेल कुठलं ते लिहा. आणि लॅपटॉप आत्ता कसा ठेवलाय, पूर्ण मिटून का? मिटू नका, रस स्क्रीनकडं जाईल. अर्धवट उघडा, तंबूसारखा उभा करा, कीबोर्ड आणि स्क्रीन दोन्ही खाली तोंड करून. जिकडं सांडलंय ती बाजू जरा खाली कलती ठेवा, म्हणजे रस बोर्डावरून पलीकडं वाहत जाणार नाही.

सोल्डरगन · रात्री ९:३४

आणि तांदूळ नको. अण्णा राग मानू नका, तुमचा मोबाईल तांदळानं वाचला नाही, दोन दिवस कुणी चालू केला नाही म्हणून वाचला. तांदूळ चिपच्या खाली गेलेली ओल ओढत नाही, वर त्याची पूड फॅनमध्ये आणि यूएसबीच्या भोकात जाऊन बसते ती वेगळीच.

अण्णा_कुपवाड · रात्री ९:३८

बरं बाबा. भात करून खातो मग.

निवांत_साताऱ्यातून · रात्री ९:४१

हेअर ड्रायरचं पण सांगून टाका त्यांच्या दादाला. आमच्या ऑफिसात एकानं मारलेला, कीबोर्डची बटणं वाकडी झाली आणि पाणी हवेच्या जोरानं बटणांखालनं सरळ बोर्डावर. उन्हात पण ठेवू नका, सांगलीच्या एप्रिलच्या उन्हात स्क्रीन आणि बॅटरी दोन्हीची वाट लागते.

विश्रामबागकर · रात्री १०:२०

सोल्डरगन दादा खूप आभार. मॉडेल तुम्हाला मेसेजमध्ये पाठवलंय, इथं कंपनीचं नाव घेऊन भांडण नको. कव्हर खोललं. स्क्रू सगळे काढले तरी निघेना, मग तुम्ही सांगितल्यावर मागच्या लांब रबरी पट्टीखाली बघितलं तर अजून दोन लपलेले! जुनं एटीएम कार्ड फटीत घालून कडेनं फिरवलं, टकटक करत क्लिपा सुटल्या. बॅटरीचा कनेक्टर काढला. मोबाईलच्या उजेडात फोटो काढलेत, बघा. टचपॅडच्या पट्टीजवळ आणि कीबोर्डची रिबन जिथं बोर्डात जाते तिथं चिकट चमकतंय. बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात पण डाग आहे.

सोल्डरगन · रात्री १०:२९

मस्त. त्या फोटोत डावीकडं पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गोल सेल दिसतोय ना, बटणाएवढा, त्याला दोन बारक्या वायरी आहेत? तो पण काढा. तीन व्होल्टचाच असतो पण तेवढ्यावर घड्याळाची लाइन चालू असते आणि तिथं पण गंज धरतो, लोकं त्याला हमखास विसरतात.

मग एसएसडी. मधे एक लांबट पट्टी दिसतीय, एकच स्क्रू आहे टोकाला. स्क्रू काढला की ती आपोआप जरा तिरकी वर उठते, तशीच तिरकी ओढून काढा. ती कोरडी दिसतीय, नशीब म्हणायचं. वहिनींना सांगा आता शांत झोपा, डेटा त्या पट्टीत आहे, बोर्ड गेला तरी डेटा जात नाही.

तासगावची_पोर · रात्री १०:३६

हे सगळ्या मशीनला लागू नाही हं. माझ्या मॅकबुकमध्ये एसएसडी बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, निघतच नाही, आणि तिथं बोर्ड जिवंत केल्याशिवाय डेटा मिळत नाही. स्वस्तातल्या काही विंडोज लॅपटॉपमध्ये पण ईएमएमसी, म्हणजे डेटाची चिप, बोर्डावरच असते. घेतानाच विचारून घ्यावं माणसानं.

गेमर_पोरगं · रात्री १०:४०

आयपीए मारा ना सरळ. ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल, टूथब्रशनं घासायचं, सगळे यूट्यूबवाले तेच करतात. मेडिकलमधलं स्पिरिट नको. सॅनिटायझर तर नकोच, त्यात ग्लिसरीन असतं, ते चिकटून बसतं.

सोल्डरगन · रात्री १०:५८

पोरा तुझं बरोबर आहे पण इथं अर्धंच बरोबर आहे. नुसतं पाणी सांडलं असतं तर आयपीएच सांगितलं असतं. हा उसाचा रस आहे. साखर अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. आयपीए मारलं की पाणी उडून जातं आणि साखरेचा थर तिथंच राहतो, वर ब्रशनं पसरतो. साखर काढायला पाणीच लागतं. ऐकायला उलटं वाटतंय, पण आमच्याकडं चहा, कोल्ड्रिंक, रसना असलं काही सांडलेला बोर्ड आला की आधी डिस्टिल्ड वॉटरनंच धुतो, मग आयपीएनं ते पाणी बाहेर काढतो. नळाचं नको, बोअरचं तर अजिबात नको, त्यात क्षार असतात. आरओचं पण नको, त्यात थोडे उरतातच. गॅरेजमध्ये इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळतो तो चालतो, फक्त लेबल बघून घ्या, ॲसिड नको.

रसात लिंबू पण पिळलेलं असणार, म्हणजे आंबट पण आहे. आंबट आणि खारट लवकर खातं. ताक, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक हे साध्या पाण्यापेक्षा वाईट. चहात साखर आणि वर दुधाची साय, ती पण चिकटते. बिनसाखरेचा कोरा चहा सांडणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलं नाही, आपल्याकडं तसला चहा पितंय कोण.

पण हे धुणं घरी करू नका. बोर्ड पूर्ण बाहेर काढावा लागतो, फॅन, हीटसिंक, स्क्रीनची केबल सगळं सोडवावं लागतं. स्क्रीनच्या केबलमध्ये बॅकलाइटची लाइन असते, तिच्यावर बोर्डातल्या बाकीच्या लाइनींपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज, आणि तिच्या शेजारी डेटाच्या बारीक लाइन ज्या सरळ प्रोसेसरला जातात. तिथं ओल राहिली आणि कुणी चालू केलं की खेळ खल्लास.

भडंगप्रेमी · रात्री ११:०५

एवढं ज्ञान फुकटात, राव. मिरजेत आलो की चहा माझ्याकडून. लॅपटॉपपासून लांब बसून.

रिटर्नवाली · रात्री ११:१७

विश्रामबागकर, वहिनींसाठी. मी पण हेच काम करते म्हणून जीव कळवळला. जीएसटीचं ३बी रिटर्न कुठल्याही मशीनवरून भरता येतं, प्रोप्रायटर आणि पार्टनरशिपला ओटीपीवर होतं, फक्त कंपनी किंवा एलएलपी असेल तर डीएससी, म्हणजे डिजिटल सही लागते. तिचा यूएसबी डोंगल लॅपटॉपला लावलेला होता का? असेल तर तो पण पुसून बाजूला ठेवा. चुकून तारीख हुकलीच तर लेट फी दिवसाला ५० रुपये आणि टॅक्सवर १८ टक्क्यांनी व्याज, म्हणजे आभाळ कोसळत नाही पण व्यापारी तोंड वाकडं करतात ते वेगळं.

टॅलीचं लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं, दुसऱ्या मशीनवर घ्यायला आधीचं रीसेट करावं लागेल, ज्या मेल आयडीवर घेतलंय त्याचा पासवर्ड आत्ताच शोधून ठेवा. तोवर दुसऱ्या मशीनवर एज्युकेशनल मोडमध्ये डेटा उघडून बघता येतो, आकडे काढता येतात. नवीन नोंदी मात्र १, २ आणि ३१ तारखेच्याच घेतो तो, तेवढं लक्षात ठेवा.

विश्रामबागकर · बुधवार, सकाळी ७:५०

गुड मॉर्निंग मंडळी. एक वेगळंच प्रकरण. सकाळी उठून बघतोय तर टेबलाच्या पायावरनं मुंग्यांची रांग, कव्हर उघडंच ठेवलेलं, सरळ बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात. फॅनच्या जाळीतनं पण बाहेर येतायत. आई म्हणाली बघ, तांदळात ठेवला असतास तर मुंग्यांना पोटभर जेवण झालं असतं. हिट मारू का??

सोल्डरगन · सकाळी ८:०२

हिट मारू नका ओ! तो तेलकट थर परत कोण काढणार. हलक्या ब्रशनं झाडा, टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या जातात. एक फायदा झाला बघा, मुंग्या जिथं जमल्यात तिथंच रस आहे. फोटो काढून ठेवा त्या जागेचा, मला उपयोग होईल.

निवांत_साताऱ्यातून · सकाळी ८:१०

मुंग्यांकडून फॉल्ट फाइंडिंग 😂 मिरजेच्या दुकानात एक वारूळ पाळा आता.

गेमर_पोरगं · सकाळी ८:४४

रात्रभर वाळलाय तर आता बॅटरी लावून एकदा चालू करून बघायला काय हरकत आहे? माझ्या मित्राचा कोल्ड्रिंक सांडलेला लॅपटॉप दुसऱ्या दिवशी चालू झाला, आज पण चालतोय.

सोल्डरगन · सकाळी ९:२५

किती दिवस झाले मित्राला? विचार आणि सांग.

वाळला म्हणजे पाणी गेलं, साखर तिथंच आहे. साखर हवेतली ओल धरते, जूनमध्ये पाऊस लागला की गूळ कसा ओलसर होतो तसं. मग एक दिवस मधेच बटणं आपोआप दाबली जातात, टचपॅड नाचतो, चार्जिंग होत नाही, आणि माणूस म्हणतो अहो काल तर व्यवस्थित चालू होता. माझ्याकडं पावसाळ्यात येणाऱ्या मशीनमधे उन्हाळ्यात सांडलेली पुष्कळ असतात. गिऱ्हाईक सांगतच नाही की काही सांडलंय, खोलल्यावर चहाचा वास येतो. चालू झालेल्या मशीनचं जास्त वाईट होतं, कारण चालू झालं की कुणी ते खोलून साफ करत नाही.

तासगावची_पोर · सकाळी ९:४०

यावर एक विचारायचं होतं, वॉरंटीत असेल तर? माझी अजून सहा महिने आहे.

भडंगप्रेमी · सकाळी ९:५२

साध्या वॉरंटीत सांडलवंड बसत नाही, कुठल्याच कंपनीची नाही. ॲक्सिडेंटल डॅमेजचा वेगळा प्लॅन असतो तो घेतला असेल तरच. आणि आत काही ठिकाणी पांढरे बारके स्टिकर असतात, पाणी लागलं की लाल होतात, त्यामुळं खोटं बोलून उपयोग नाही, ते पहिलं तेच बघतात. प्लॅन असेल तर मात्र स्वतः खोलू नका, आधी कंपनीला फोन लावा.

विश्रामबागकर · दुपारी १:३०

अपडेट. गावभागात ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याकडून एसएसडीचं यूएसबी एनक्लोजर आणलं. पहिलं चुकीचं निघालं, त्याच्या स्लॉटला खाच वेगळीकडं होती, आमची पट्टी बसेना. मग कळलं की एनव्हीएमईचं वेगळं आणि साटाचं वेगळं, त्यानं बदलून दिलं. भावाच्या लॅपटॉपला लावलं, ड्राइव्ह दिसली पण कुलूप! बिटलॉकर रिकव्हरी की मागतोय, ४८ आकडी. वहिनी म्हणतात मी असलं काही कधी लावलंच नाही. हे काय नवीन?

गेमर_पोरगं · दुपारी १:३६

ही मला माहितीय 🙋 विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपमध्ये एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, विचारत पण नाही. की त्याच अकाउंटमध्ये सेव्ह असते. मोबाईलवरून मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटच्या साइटवर लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये लॅपटॉपचं नाव दिसेल, त्याच्या खाली बिटलॉकर की. दोन-तीन की दिसल्या तर स्क्रीनवर जो की आयडी दाखवतोय त्याच्याशी जुळणारी घ्या.

विश्रामबागकर · दुपारी २:१५

मिळाली!!! जुना मेल आयडी होता, पासवर्ड वहिनींच्या डायरीत शेवटच्या पानावर. टॅलीचा डेटा फोल्डर आख्खा कॉपी झाला, दोन ठिकाणी ठेवला. वहिनींनी पोरगं कोण आहे विचारलंय, त्याला घरी जेवायला बोलवा म्हणतात.

गेमर_पोरगं · दुपारी २:१८

पत्ता पाठवा 😋

रिटर्नवाली · दुपारी २:२५

हुश्श. वहिनींना सांगा आज रात्रीच ती ४८ आकडी की कागदावर लिहून टॅलीच्या लायसन्सच्या कागदाबरोबर ठेवा. मी पण आत्ता माझी बघून घेतली, तीन वर्षं वापरतेय आणि पत्ताच नव्हता की कुलूप आहे.

आयर्विनवरून · दुपारी ३:४०

धागा वाचून २०१९ चा महापूर आठवला. ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५. आमचं मारुती चौकाजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान, कॉम्प्युटर माळ्यावर चढवायला वेळच मिळाला नाही, पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तेव्हा सीपीयूच्या आत बोटभर गाळ. पण त्यातले दोन बोर्ड नंतर चालले! आणि एक लॅपटॉप जो फक्त छतातून गळलेल्या पाण्यानं भिजला पण चार्जिंगला लावलेला होता तो कायमचा गेला. तेव्हा कळलं नाही असं का, आज सोल्डरगन यांचं वाचून कळलं.

सोल्डरगन · दुपारी ४:०५

तेच. लाइट आधीच गेलेली, मशीन बंद, प्लग निघालेला, पाण्याखाली गेलं तरी आत करंट नाही. गाळ, माती धुऊन काढता येते. २०१९ नंतर आणि परत २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडं ढिगानं बोर्ड आलेले, त्यात लोकांनी धीर धरून जे सुकवून, न लावता आणले त्यांची शक्यता बरी होती. ज्यांनी "बघू तरी" म्हणून घरीच प्लग लावला त्यांचं सांगायला नको.

फक्त लिथियमची बॅटरी पुरात भिजली असेल तर ती परत वापरू नका, फुगलेली असेल तर दाबू नका, टोचू नका, ई-कचऱ्यात द्या.

विश्रामबागकर · सायंकाळी ५:१०

आता प्रश्न दुरुस्तीचा. इथल्या एका दुकानात दाखवायला नेला तर त्यांनी न खोलताच सांगितलं बोर्ड बदलावा लागेल, आकडा ऐकून वहिनी म्हणाल्या नवीनच घेते मग. सोल्डरगन दादा तुमच्याकडं आणू का? आणि दुसरीकडं द्यायचा झाला तर काय बघायचं?

सोल्डरगन · सायंकाळी ६:३०

आणा की, पण इथं मी धंदा करायला आलेलो नाही, अ‍ॅडमिन ओरडतील, पत्ता मेसेजमध्ये देतो. दुसरीकडं दिलात तरी चालेल, पण विचारा की बोर्ड काढून धुणार का, अल्ट्रासॉनिक मशीन (ध्वनिलहरींनी बोर्ड साफ करणारं) आहे का, आणि मायक्रोस्कोपखाली बघतात का. न खोलता बोर्ड बदला म्हणणारा एकतर धुत नाही किंवा त्याला वेळ नाही. पुष्कळदा बोर्ड धुऊन कॅपॅसिटर किंवा मॉसफेट असला एखादा बारका पार्ट बदलला की काम होतं, आणि पुष्कळदा तेवढं पण लागत नाही, नुसता कीबोर्ड जातो. कीबोर्ड मात्र रसात गेलेला वाचत नाही सहसा, त्याच्या आत प्लास्टिकच्या पातळ थरांवर छापलेल्या लाइनी असतात, साखर मधे गेली की निघत नाही. तुमच्या मॉडेलात तो प्लास्टिकच्या रिव्हेटनी वरच्या पॅनेलला चिकटवलाय, म्हणून मेहनत जास्त.

देताना जॉबशीट घ्या, त्यावर रॅमचे आणि एसएसडीचे नंबर लिहून घ्या, फोटो काढा. एसएसडी तर देऊच नका, तिची गरज नाही त्यांना, टेस्टिंगला त्यांच्याकडची लावतील.

अण्णा_कुपवाड · सायंकाळी ६:४१

नंबरचं खरं आहे. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपमधली १६ जीबी रॅम एका दुकानात ८ होऊन परत आली, दुकानदार म्हणतो अशीच होती. शेवटी ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावला तेव्हा रॅम "सापडली".

सोल्डरगन · शनिवार, रात्री ८:५५

विश्रामबागकर सांगत नाहीत म्हणून मीच सांगतो. मशीन आलं, बोर्ड काढला. उजव्या कोपऱ्यात जिथं मुंग्या होत्या तिथंच बॅटरी चार्जिंगच्या चिपच्या कडेला हिरवं धरायला सुरुवात झालेली, कीबोर्डच्या कनेक्टरच्या दोन पिना काळ्या. पाण्यानं धुतलं, अल्ट्रासॉनिकमध्ये घातलं, आयपीए, मग रात्रभर वाळवलं. एक कॅपॅसिटर शॉर्ट होता, तो काढला. कीबोर्ड नवा. आता चालू आहे, बॅटरी लावून दिवसभर चार्ज-डिस्चार्ज बघतोय, सोमवारी देतो. मंगळवारी रात्री बॅटरी काढली नसती तर ती चार्जिंगची चिप गेलीच असती.

विश्रामबागकर · रात्री ९:२०

अहो मी टायपच करत होतो! वहिनींनी तोवर भावाच्या मशीनवर लायसन्स रीसेट करून सगळ्यांची रिटर्न भरली पण. एकच तक्रार आहे, नवीन कीबोर्डवर रुपयाचं चिन्ह नाही म्हणतात.

रिटर्नवाली · रात्री ९:२४

उजवं ऑल्ट आणि ४ दाबा, इंग्लिश इंडिया लेआउट निवडला असेल तर येतं, बटणावर छापलेलं असो नसो.

आयर्विनवरून · रविवार, सकाळी १०:१५

सोल्डरगन, तुम्ही आहातच तर एक विचारतो. २०१९ ला भिजलेली एक जुनी हार्डडिस्क अजून कपाटात आहे, फिरणारी, एसएसडी नव्हे. वडिलांच्या दुकानाचे आणि घरातल्या लग्नाचे फोटो होते. तेव्हा वाळवून ठेवली, कधी लावली नाही. काही आशा आहे का?

सोल्डरगन · सकाळी ११:४०

कधी लावली नाही हे फार बरं केलंत. फिरणाऱ्या डिस्कला हवेसाठी बारकं भोक असतं, पुराचं पाणी त्यातनं आत जातं आणि वाळलं की गाळ तबकडीवर चिकटून बसतो. करंट दिला की तबकडी मिनिटाला हजारो वेळा फिरते आणि तिच्यावरचा डेटा वाचणारा हेड त्या गाळावर घासून डेटा खरवडून काढतो. म्हणून भिजलेली डिस्क वाळवायची पण नसते, ओलसरच झिपच्या पिशवीत घालून डेटा रिकव्हरीवाल्याकडं न्यायची. तुमची वाळलीय, हरकत नाही, शक्यता कमी झाली पण संपली नाही. हे माझं काम नव्हे, क्लीनरूम, म्हणजे धूळ नसलेली खास खोली असलेला माणूस लागतो.

आयर्विनवरून · सकाळी ११:५२

मेमध्ये पुण्याला जाणं आहे, तेव्हा घेऊन जातो. वरच्या लेबलवर अजून गाळ सुकलेला आहे, तो पुसून न्यावी का?

सोल्डरगन · दुपारी १२:०३

पुसू नका, स्क्रू पण खोलू नका, आहे तशी बबल रॅपमध्ये गुंडाळून न्या. लेबलवरचा मॉडेल नंबर दिसत असेल तर फोटो काढा, त्यांना तसल्याच डिस्कचे हेड शोधावे लागतात. आणि आधी विचारा, नुसतं तपासायचे किती घेणार आणि डेटा नाही मिळाला तर किती. दोन्ही कागदावर लिहून घ्या.